हिमालय ओलांडणारे फादर आंतोनियो दे आंद्राद

दौंडहून मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणारी रेल्वे शिरूर व दौंड परिसरातील आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. आग्र्याचा प्रवास आज साधारण एका दिवसाचा झाला आहे. त्याच आग्र्याहून चारशे वर्षांपूर्वी हिमालयाच्या वाटेला लागलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूंची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

फादर आंतोनियो दे आंद्राद यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलेरोस येथे झाला. १५९६ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि १६०० साली गोव्यात आले. पुढे मोगल दरबारातील मिशनचे कार्य त्यांच्याकडे सोपविण्यात आले. हिमालयापलीकडे ख्रिस्ती लोक राहतात, अशी वदंता त्या काळी प्रचलित होती. तिचा शोध घेण्यासाठी ३० मार्च १६२४ रोजी त्यांनी ब्रदर मानुएल मार्केस यांच्यासह आग्रा सोडले.

दोघांनी यात्रेकरूंचा वेष घेतला व बद्रीनाथच्या यात्रेकरूंसोबत गढवालची वाट धरली. अलकनंदेच्या कड्यांवरील अरुंद वाटा आणि दोरांचे झुलते पूल ओलांडून ते माणा गावी पोहोचले. तिबेटशी व्यापार करणाऱ्या लोकांचे हे गाव होते. यापुढील माणा खिंड सुमारे ५६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहूनही उंच आहे.

बर्फ वितळण्यापूर्वीच फादर आंद्राद मार्केस यांना मागे ठेवून, दोन सेवक व एक वाटाड्या घेऊन निघाले. वाटाड्याला अर्ध्यातून परतावे लागले. पाय बधिर झाले, बर्फाच्या तेजाने डोळे दिपून दिसेनासे झाले. त्या उंचीवर श्वास का कोंडतो याचे कारण तेथील लोक जमिनीतून निघणारी विषारी वाफ असे सांगत. विरळ हवेत प्राणवायू अपुरा पडतो, हे आज आपण जाणतो. अखेर फादर माघारी फिरले. त्या माघारीमुळेच त्यांचे प्राण वाचले, असे आम्हांस वाटते. पुढे बर्फ ओसरल्यावर त्यांनी पुन्हा खिंड ओलांडली आणि ऑगस्टमध्ये गुगे राज्याची राजधानी त्सापारांग गाठली.

तेथे त्यांना ख्रिस्ती लोक आढळले नाहीत. आढळला तो बौद्ध समाज आणि आदराने स्वागत करणारा राजा. १६२५ मध्ये ते पुन्हा तेथे गेले व १२ एप्रिल १६२६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, चर्चची पायाभरणी झाली. परंतु राजाने मिशनला दिलेला आश्रय लामांना रुचला नाही. १६३० मध्ये बंड झाले, लडाखने गुगे जिंकले आणि मिशन उद्ध्वस्त झाले. तोपर्यंत गोव्यात प्रांताधिकारीपदावर आलेल्या फादर आंद्राद यांचा १९ मार्च १६३४ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, विषप्रयोगाने मृत्यू झाला.

फादरांच्या पहिल्या प्रवासाचे पत्र १६२६ साली लिस्बन येथे छापले गेले आणि त्यांचे नाव इतिहासात राहिले. ब्रदर मार्केस मात्र १६४० मध्ये पुन्हा त्याच वाटेने गेले, कैद झाले आणि परतले नाहीत. फादरांचे स्मरण करताना या सोबत्याला व त्या दोन अनाम सेवकांना आपण विसरू नये.