घराचं शास्त्र

इकॉलॉजी हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेकेलने तो ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर, यावरून बनवला. मला मात्र तो आवडला एलन स्वॉलो रिचर्ड्समुळे. १८७३ मध्ये एमआयटीतून पदवी घेणारी ही पहिली स्त्री. १८८७ पासून तिने मॅसॅच्युसेट्समधल्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. सांडपाणी कुठे मिसळतंय, ते क्लोराइडच्या प्रमाणावरून नकाशावर कळू लागलं. १८९२ मध्ये घरातली हवा, पाणी, अन्न यांच्या शास्त्राला तिने इकॉलॉजी म्हटलं. पण शब्द जीवशास्त्रज्ञांकडे गेला आणि तिच्या वाट्याला होम इकॉनॉमिक्स आलं. १९११ मध्ये ती वारली. मित्रांनो, होस्टेलच्या टाकीतलं पाणी कधी तपासलं, हे विचारणं म्हणजेसुद्धा इकॉलॉजीच!