न लिहिलेल्या करांचा हिशेब

अंदाजपत्रकाचे दिवस आले की करांची चर्चा सुरू होते आणि पगारदार माणूस आपल्या पगारपत्रकातील कपातीचे रकाने पुन्हा एकदा निरखून पाहतो. परंतु कोणत्याही अंदाजपत्रकात ज्यांची नोंद होत नाही असेही काही कर असतात. सक्तीने फुकट द्यावे लागणारे श्रम हा असा एक कर. आजारपणापायी काढावे लागणारे कर्ज हा दुसरा. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली समाजाने हे दोन्ही कर पिढ्यान् पिढ्या भरले. त्यांपैकी पहिला कर नाहीसा करण्यासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या गोदावरी परुळेकर यांचे चरित्र म्हणूनच केवळ एका चळवळीच्या इतिहासात बंद करून ठेवण्याजोगे नाही.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील एका सुखवस्तू गोखले कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील आणि वृत्तीने नेमस्त. मुलीने उच्च शिक्षण घेतले, कायद्याची पदवी मिळविली. त्या काळी स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट अपूर्वाईची होती. १९३२ च्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला आणि वडिलांच्या घराचे दार त्यांना बंद झाले. त्या मुंबईस आल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. साक्षरतेची मोहीम, घरकाम करणाऱ्यांची संघटना अशी कामे करीत असतानाच, समाजसेवेने दुःख हलके होते पण त्याचे मूळ तसेच राहते, या निष्कर्षाप्रत त्या आल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनीही समाजाचा निरोप घेतला, साम्यवादी पक्षात प्रवेश केला आणि युद्धविरोधी प्रचारापायी कारावास भोगला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची पहिली परिषद भरली. तेथे आलेल्या काही वारल्यांनी आपली कहाणी सांगितली आणि परुळेकर दांपत्याची पावले तत्कालीन उंबरगाव व डहाणू तालुक्यांकडे वळली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या या मुलखात जमीनदाराचा शब्द हाच कायदा होता. कुळाने आधी मालकाच्या शेतावर वेठीने राबावयाचे आणि मग उरल्या वेळात स्वतःचे शेत पाहावयाचे, अशी रीत होती. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणावयाची आणि सुगीला ती दिढीने वा दुपटीने फेडावयाची. खावटीही न मिळाली तर रानातले कडू कंद उकळून दिवस काढावयाचे. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण तर लग्नगडी होई. म्हणजे तो आणि त्याची बायको दोघेही कर्ज फिटेपर्यंत धनकोच्या घरी राबत. ते कर्ज बहुधा कधीच फिटत नसे, कारण हिशेबाची वही धनकोच्या हाती होती आणि ऋणकोला अक्षरओळख नव्हती.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. हजारो स्त्रीपुरुष जमले. वेठ करावयाची नाही आणि रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्यावाचून मालकाच्या जमिनीवर राबावयाचे नाही, असा निर्धार तेथे झाला. या बारा आण्यांचे मोल समजण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. लग्नाचे कर्ज शंभर रुपये धरले, तर बारा आणे रोजाने एका माणसाचे १३४ दिवसांचे श्रम ते फेडण्यास पुरेसे होते. नवराबायको दोघांचे मिळून ६७ दिवस. पोटापाण्याचा खर्च वगळून मुदत दुप्पट वा तिप्पट केली, तरी वर्षभराच्या आत जोडपे मोकळे व्हावयास हवे होते. पण श्रमाला किंमतच नसल्यामुळे त्याच रकमेपायी उभे आयुष्य गहाण पडत असे. गोदावरीबाईंची कामगिरी ही की, हा हिशेब त्यांनी ज्यांचा होता त्यांच्याच हाती दिला.

त्याची किंमतही मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. पुढे गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या दरांसाठी संप झाले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. तथापि एकदा मोडलेली वेठ पुन्हा रुजली नाही. कूळकायदा १९४८ मध्ये आला आणि वेठबिगारी नष्ट करणारा केंद्राचा कायदा १९७६ मध्ये. डहाणू-तलासरीतील माणसांनी तीस वर्षे आधीच जे स्वबळावर मोडून काढले, त्यावर कायद्याने नंतर शिक्कामोर्तब केले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

स्वातंत्र्यानंतरही गोदावरीबाईंचा तुरुंग सुटला नाही. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच त्यांचे निधन झाले. हा आघात पचवून गोदावरीबाईंनी लिहिलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या तलासरीत अक्षरओळखीअभावी पिढ्या गहाण पडल्या, तेथील एक महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

त्यांच्या विचारांशी सर्वांचे जुळेल असे नाही. हिंसेचे आरोप चळवळीवर त्या काळीही झाले आणि साम्यवादाच्या राजकारणाविषयी मतभेद आजही आहेत. परंतु कष्टकऱ्याच्या घराचा जमाखर्च हाच राज्यकारभाराचा खरा निकष होय, हे त्यांनी घालून दिलेले सूत्र पक्षांच्या सीमा ओलांडून उरते. महाराष्ट्राने ते काही अंशी मानलेही. व्यवसाय कराचा कायदा १९७५ मध्ये झाला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारातून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये कापले जातात, त्या कपातीचा उगम हा असा आहे. कर भरणारे आम्ही आणि फायदा घेणारे आदिवासी, अशी कुरकूर कचेऱ्यांतून ऐकू येते. ती मात्र अर्धवट माहितीची आहे. साबण, काडीपेटी, चप्पल घेणारा वारलीही प्रत्येक खरेदीत कर भरतच असतो, आणि त्याच्या मिळकतीच्या मानाने तो जडही असतो.

राहिला तो दुसरा कर, आजारपणाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा निःसंशय आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य करण्यात आले, हेही स्वागतार्हच. पण उपचार फुकट झाले म्हणून आजार फुकट होत नाही. पाड्यावरून रुग्णालयापर्यंतचे गाडीभाडे, बाहेरून आणावयाचे औषध, सोबतच्या माणसाचे जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी यांचा हिशेब योजनांत पुरता धरलेला नसतो. वरच्या उपचारांसाठी राज्याची हद्द ओलांडून वलसाड वा सिल्वासा गाठावे लागले की तो आणखी वाढतो. मग वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते, दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते, मुलांची शाळा सुटते. लग्नाच्या कर्जाने लग्नगडी होत असे, त्याच वाटेवर आता आजाराचे कर्ज माणसाला नेऊन ठेवते.

डहाणू-तलासरीच्या रुग्णालयांत विशेषज्ञ डॉक्टर, औषधांचा साठा आणि रात्रीअपरात्री मिळणारी गाडी या तीन गोष्टींवर झालेला खर्च हा म्हणूनच परोपकार नव्हे, तर न लिहिलेला कर रद्द करण्याचाच तो एक मार्ग आहे. वेठ हा कर आहे, हे ओळखण्यास समाजाला फार काळ लागला. आजारपणाच्या कर्जाबाबत तरी तेवढा विलंब परवडणारा नाही.