रिचर्ड ब्राइट : चमच्यात लघवी तापवून पाहणारे डॉक्टर

लघवीत प्रोटीन जाते असा रिपोर्ट आला की त्याचा किडनीशी काय संबंध, असे रुग्ण विचारतात. हा संबंध दाखवून दिला रिचर्ड ब्राइट यांनी. १७८९ साली ब्रिस्टलमध्ये जन्मलेले हे इंग्रज डॉक्टर चित्रेही छान काढत.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये अंगावर सूज आलेले रुग्ण त्यांच्याकडे असत. ब्राइट त्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी ती गोठली, की प्रोटीन आहे हे कळे. रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात ते किडनी पाहत. अनेकांच्या किडन्या कडक, खडबडीत, काहींच्या तर आक्रसलेल्या असत. १८२७ मध्ये त्यांनी हे रंगीत चित्रांसह छापले. उपचार मात्र रक्त काढणे, जुलाब देणे असेच. त्यांचा फारसा उपयोग नव्हता. १८५८ मध्ये ते वारले.

किडनी कडक का होते, हे त्या काळी कळणे शक्यच नव्हते. इजा झालेल्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा रासायनिक निरोप सोडतात. तो मिळाला की शेजारच्या पेशी कोलॅजेन तयार करतात, जखमेवर व्रण धरतो तसे. एरवी जखम भरली की निरोप थांबतो. मधुमेहात, उच्च रक्तदाबात इजा चालूच राहते, म्हणून निरोपही थांबत नाही आणि व्रण वाढत जातो. अँजिओटेन्सिन हे हार्मोन या निरोपाला जोर देते. रॅमिप्रिल किंवा लोसार्टन त्याला अडवतात. त्यामुळे रक्तदाबाबरोबर लघवीतले प्रोटीनही कमी होते. ते किती कमी झाले, हे पाहायला आजही लघवीच तपासतात, फक्त मेणबत्तीशिवाय.