जाड पायाच्या अक्षरांचा कर्ता : व्हिन्सेंट फिगिन्स

दुकानाची पाटी, नाटकाचे भित्तिपत्रक किंवा वृत्तपत्राचा मथळा यांत जाड पट्ट्यांवर उभी असलेली ठसठशीत रोमन अक्षरे आपण नेहमी पाहतो. छपाईच्या खिळ्यांत ती पहिल्यांदा विक्रीस आणली लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी.

फिगिन्स यांचा जन्म १७६६ चा. १७८२ मध्ये ते जोसेफ जॅक्सन या नामांकित खिळेकाराकडे उमेदवारीस राहिले. पोलादावर अक्षर उलटे कोरणे, ते तांब्यावर ठोकून साचा करणे आणि त्यातून शिशाचे खिळे ओतणे, ही सारी विद्या त्यांनी तेथे आत्मसात केली. याच जॅक्सन यांनी कर्कपॅट्रिक या अधिकाऱ्यासाठी देवनागरी अक्षरे कोरली होती. कर्कपॅट्रिक पुढे हैदराबादेत रेसिडेंट झाले.

१७९२ मध्ये जॅक्सन निवर्तले. दहा वर्षे जेथे घाम गाळला तो कारखाना विकत घेण्याइतके भांडवल फिगिन्स यांच्यापाशी नव्हते. तो तिसरे विल्यम कॅस्लन यांच्या हाती गेला. गुरूची हत्यारे, साचे, अक्षरे सारे परके झाले. अशा वेळी मुद्रक जॉन निकोल्स यांनी खिळ्यांची मागणी नोंदवून त्यांना धीर दिला आणि होबर्न भागात त्यांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला.

लवकरच कसोटीचा प्रसंग आला. मॅकलिन यांच्या भव्य बायबलची छपाई थॉमस बेन्स्ली जॅक्सन यांच्या अक्षरांत करीत होते. उरलेला मजकूर त्याच वळणात हवा होता. मूळ ठसे मात्र प्रतिस्पर्ध्याकडे. फिगिन्स यांनी हुबेहूब तशीच अक्षरे नव्याने कोरून दिली. १८०० मध्ये ग्रंथ पूर्ण झाला आणि फिगिन्स यांचा लौकिक वाढला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्यांनी तेलुगू खिळेही घडविले.

१८१५ च्या त्यांच्या नमुनापुस्तकात ‘अँटिक’ नावाची अक्षरे आली. ग्रंथांतील अक्षरांच्या रेषा कोठे जाड, कोठे केसासारख्या बारीक असत. दुरून बारीक रेषा दिसेनात. फिगिन्स यांनी सर्व रेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या केल्या आणि टोकाच्या आडव्या पट्ट्याही तितक्याच भक्कम ठेवल्या. आरंभी केवळ मोठी अक्षरे होती. लहान अक्षरे आणि तिरपे रूप नंतर आले. लॉटरीच्या व नाटकांच्या जाहिरातींना हवे होते ते नेमके हेच.

अक्षराच्या आकाराला तेव्हा कायद्याचे संरक्षण नव्हते. प्रतिस्पर्ध्यांनी ही अक्षरे सर्रास उचलली आणि त्यांना ‘इजिप्शियन’ हे नाव रूढ झाले. १८३६ मध्ये कारखाना मुलांकडे सोपवून फिगिन्स निवृत्त झाले. १८४४ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, याच कुळातील ‘क्लॅरेंडन’ अक्षराची रॉबर्ट बेस्ली यांनी कायदेशीर नोंदणी केली. तिची मुदत अवघी तीन वर्षे होती, तरी फिगिन्स यांना तेवढेही लाभले नव्हते.