दुखण्यातली शांती : आचार्य विनोबा

आचार्य विनोबा भावे हे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भूदानाची पदयात्रा येते. पंचा नेसलेला, डोक्यावर हिरवी टोपी घातलेला एक कृश म्हातारा भराभर चालतो आहे आणि त्याच्या मागे गावेच्या गावे चालली आहेत, असे ते चित्र. शाळेच्या पुस्तकात मीही हेच चित्र पाहिले होते. पण त्या चालणाऱ्या माणसाच्या पोटात कायमचे दुखणे होते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयातून 'गीता प्रवचने' वाचायला नेले, मग त्यांची चरित्रे वाचली, आणि तेव्हा हे कळले. तेव्हापासून विनोबांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. त्या नजरेने पाहिलेले विनोबा या लेखात मांडण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातील गागोदे गावी. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील बडोद्याला नोकरीला होते, त्यामुळे शिक्षण बडोद्याला झाले. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण मोठ्या भक्तिमान होत्या. त्यांना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते आणि त्या वेळी मिळणारी मराठी भाषांतरेही त्यांना अवघड जात. तेव्हा सोपी गीता तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला सुचवले. १९१८ मध्ये त्या वारल्या. मुलाने त्यांची इच्छा पूर्ण केली ती १९३० - ३१ साली, 'गीताई' लिहून. ज्या बाईसाठी ती लिहिली ती ऐकायला उरली नव्हती, परंतु तिच्यासारख्या लाखो आयांच्या हाती ते पुस्तक गेले.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेलाच उतरले आणि काशीला गेले. ब्रह्माचा शोध हा त्यांचा ध्यास होता. काशीहून ते अहमदाबादेला कोचरबच्या आश्रमात गांधीजींकडे आले आणि त्यांचेच झाले. पुढच्या वर्षी ते रजा घेऊन वाईला गेले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकणे हा एक हेतू होता, आणि ढासळलेली प्रकृती सुधारणे हा दुसरा. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षीच त्यांना शरीराचा विचार वेगळा करावा लागला होता. तिथे ते अभ्यासाबरोबर रोज मैलोगणती चालत, दळण दळत, सूर्यनमस्कार घालीत. अध्यात्म आणि जाते या दोन गोष्टी त्यांनी इतक्या लवकर एकत्र आणल्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. पुढे नालवाडीला राहत असताना सूत कातून जी मजुरी मिळेल तीवरच जगायचे, असा प्रयोग त्यांनी केला. कातणाऱ्या बायांना मजुरी अगदीच तुटपुंजी मिळे. तीच आपण घ्यायची, म्हणजे त्यांचे जगणे काय असते ते कळेल, हा त्यामागचा विचार. असल्या कष्टांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती अधिक खालावली. १९३८ पर्यंत त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले, म्हणजे अवघे ४० किलो! गांधीजींना काळजी वाटू लागली. त्यांनी विनोबांना हवापालटाला जायला सांगितले. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. वर्ध्यापासून चार-पाच मैलांवर पवनारला धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तिथे ते गेले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनाशीच आश्रमाच्या सगळ्या व्यवस्था, सगळे विचार सोडून दिल्याचा संकल्प केला.

पवनारला त्यांनी केले ते औषध म्हणावे की साधना, असा प्रश्न पडतो. मोकळ्या मनाने पडून राहायचे आणि रोज शेतात थोडे खणायचे. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटे, मग दिवसेंदिवस थोडीथोडी वाढवीत. थकवा आला की थांबायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुदळ हाती घ्यायची. दहा-एक महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले. त्या खणण्यातच राम-भरत भेटीचे एक जुने शिल्प जमिनीतून वर आले. आजही ते पवनारच्या आश्रमात आहे.

आता विनोबांच्या मनाची घडण पाहू. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी अठरा अध्यायांची अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात. पुढे १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात ते गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर बोलले. सुखाने न हुरळणारा, दुःखाने न खचणारा असा तो स्थितप्रज्ञ. आपण परीक्षेसाठी ही लक्षणे पाठ करतो. विनोबांनी ती स्वतःच्या दुखऱ्या देहावर लावून पाहिली. देह म्हणजे मी नव्हे, ते मला वापरायला मिळालेले साधन आहे, ही त्यांची धारणा होती. कुदळीचा दांडा खिळखिळा झाला म्हणून शेतकरी स्वतःला खिळखिळा समजत नाही. तो दांडा ठोकून घेतो, जपून वापरतो, आणि खणतो. विनोबांचे देहाशी नाते साधारण असेच दिसते.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. गावातल्याच रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून १०० एकर दिली. तिथे भूदान सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले ते एप्रिल १९६४ मध्ये परत आले. जवळजवळ तेरा वर्षे ते चालत होते. निघाले तेव्हा वय ५६ होते आणि पोटात व्रण होता, म्हणजे आपण ज्याला अल्सर म्हणतो तो. हे दुखणे असे की जेवले तरी त्रास आणि उपाशी राहिले तरी त्रास. त्यामुळे त्यांचा आहार म्हणजे थोडे दूध-दही, थोडा मध, तेही मोजून आणि दिवसातून अनेकदा विभागून. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, प्रार्थना करायची, आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालू लागायचे. रोज दहा-बारा मैल, मग गावकऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी प्रार्थना आणि प्रवचन. १९५९ मध्ये वयाच्या ६४ व्या वर्षात त्यांनी याच पोटानिशी काश्मीरमध्ये पीर पंजालची रांग पायी ओलांडली.

इथे मला थोडे घरचे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय हा विषय मी का निवडला हे कळणार नाही. माझी आई शेतमजुरी करते. गेली नऊ वर्षे तिला संधिवात आहे. सकाळी तिच्या हाताची बोटे मिटत नाहीत, आणि तरी आठ वाजता ती खुरपे घेऊन बांधावर असते. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी चार घटका बरे वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकात वाचलेले घरी जाऊन तपासून पाहण्याची मला खोडच लागली आहे. विनोबांचे वाचले तेव्हा पहिला विचार आला तो रागाचा. विनोबांनी कष्ट निवडले होते. माझ्या आईला ते निवडावे लागले नाहीत, ते तिच्या वाट्यालाच आले. विनोबांना काळजी करणारे गांधीजी होते, नदीकाठचा बंगला होता, पडून राहण्याची मुभा होती. मग दुखण्यातही शांत राहा, असे माझ्या आईसारखीला सांगणे ही तिची थट्टाच नव्हे काय? शांतीचा उपदेश गरिबांना गप्प बसवायला किती सोयीचा असतो, हे आपण जाणतोच.

हा प्रश्न घेऊन मी विनोबांचे चरित्र पुन्हा वाचले, आणि मला त्यात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की विनोबांनी उपचार हे पाप मानले नाही. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमधल्या चांडील येथे त्यांना भयंकर मलेरिया झाला. सुरुवातीला त्यांनी औषध नाकारले. देश हवालदिल झाला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंडित नेहरू आणि इतर अनेकांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी औषध घेतले आणि ते बरे झाले. आपला निश्चय लोकांच्या प्रेमापुढे त्यांनी मोडू दिला. तेव्हा अध्यात्म म्हणजे दवाखान्याकडे पाठ फिरवणे, असा अर्थ विनोबांच्या नावावर कोणी काढू नये.

दुसरी गोष्ट, त्यांची शांती त्यांना स्वस्थ बसवीत नव्हती. ज्याचे पोट दुखते त्याचे लक्ष सगळे पोटातच अडकते, हा आपला सर्वांचा अनुभव. विनोबांचे लक्ष दुसऱ्यांच्या रिकाम्या पोटाकडे गेले. भूमिहीन मजुराला जमीन मिळावी म्हणून ते चालले. म्हणजे माझ्या आईसारख्यांसाठीच. भूदानात ४० लाख एकरांच्या वर जमीन मिळाल्याचे सांगतात. त्यातली पुष्कळशी खडकाळ निघाली, काही वादात अडकली, काही कागदावरच राहिली. हे अपयश झाकण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवरही कठोर टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत त्यांचे जुने सहकारीही होते. थोर माणसाचे सर्वच थोर असते असे मानायला मी तयार नाही. परंतु दुखणारा माणूस दुसऱ्याच्या दुःखासाठी तेरा वर्षे चालू शकतो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

तिसरी गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, आईनेच दाखवली. एका सुट्टीत मी तिला गीताईतला दुसरा अध्याय वाचून दाखवला. तिला अक्षर येत नाही, पण हरिपाठ सगळा पाठ आहे. शब्द कळले का, असे विचारले तर ती म्हणाली की सारे कळले नाही, पण देवळात हरिपाठाला बसल्यावर जे होते त्याचेच हे सांगणे दिसते. मग तिने सांगितले की टाळ वाजू लागले की बोटे दुखायची थांबत नाहीत, पण दुखणे बाजूला सरकून बसते, आणि तेवढा वेळ ती दुखण्याची नसते. मी थक्क झालो. शिवनीच्या तुरुंगातला विद्वान आणि बांधावरची माझी आई एकाच ठिकाणी पोचली होती! दुखणे जाणे वेगळे आणि शांती मिळणे वेगळे. पहिले आपल्या हाती पुष्कळदा नसते. दुसऱ्यासाठी पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. लागतो तो रोजचा नेम. विनोबांनी ती गीताई अशाच बाईसाठी लिहिली होती, हे आठवले आणि माझा राग निवळला. मात्र तिला चांगले औषध मिळावे आणि मजुरी पुरेशी मिळावी, ही माझी मागणी त्याने तसूभरही कमी झाली नाही. विनोबाही ती कमी करा म्हणाले नसते, असे मला वाटते.

१९७० पासून विनोबा पवनारलाच क्षेत्रसंन्यास घेऊन राहिले. १९७४ च्या २५ डिसेंबरपासून त्यांनी वर्षभर मौन पाळले. उतारवयात त्यांना ऐकूही कमी येऊ लागले होते, तरी आश्रमातल्या भगिनींशी लिहून विनोद चालत. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले, पण पुढे काही दिवसांतच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. वय ८७ होते. या शेवटाबद्दल तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की हा निर्णय वेदनेला कंटाळलेल्या माणसाचा नव्हता. वेदनेला कंटाळण्याचे प्रसंग त्यापूर्वी पन्नास वर्षे येत होते, आणि त्या प्रत्येक वेळी ते उठून चालू लागले होते. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोणी ना कोणी असे कायमचे दुखणे घेऊन जगत असेल. गिरणीत उभे राहून पाय गेलेले वडील असतील, चुलीपुढे वाकून कंबर गेलेली आजी असेल. त्यांना उपदेश करू नये, एवढे मी या अभ्यासातून शिकलो. त्यांना औषध वेळेवर आणून द्यावे, त्यांचे एखादे काम आपण उचलावे, आणि संध्याकाळी घटकाभर जवळ बसून त्यांना आवडेल ते वाचून दाखवावे. आपण शिकलो त्याचा एवढा उपयोग तरी व्हायला हवा. या सुट्टीत आईला तिसरा अध्याय वाचून दाखवायचा आहे. कर्मयोगाचा अध्याय तो. त्याबद्दल ती काय म्हणते ते ऐकायला मी उत्सुक आहे.