वशिल्याशी झुंजलेला पोलीस-प्रमुख : थिओडोर रूझवेल्ट

रूझवेल्ट हे नाव उच्चारले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट उभे राहतात. प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक ते नव्हेत. त्यांचे दूरचे भाऊबंद आणि त्यांच्याही आधी, 1901 ते 1909 या काळात, अमेरिकेचे अध्यक्षपद भूषविणारे थिओडोर रूझवेल्ट यांच्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. तेही त्यांच्या अध्यक्षपदाविषयी नव्हे. अध्यक्ष होण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे ते न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या आयुष्यातील हे प्रकरण आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील तरुणांना आणि त्यांच्या पालकांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हास वाटते.

हा विषय निवडण्यास एक निमित्त झाले. पोलीस भरतीचे दिवस आले की संघाच्या कार्यालयाकडे आणि आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या घराकडे पालकांची पावले वळू लागतात. मुलाने अर्ज केला आहे, कोणाची तरी चिठ्ठी मिळवून द्या, एवढीच त्यांची विनंती असते. मुलाची तयारी कितपत झाली आहे हे आम्ही विचारले, तर त्याचे उत्तर मात्र बहुधा मिळत नाही. अशा पालकांपुढे आणि संघाच्या चालकांपुढे हे चरित्र ठेवावे, असा आमचा हेतू आहे.

थिओडोर यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1858 रोजी न्यूयॉर्क शहरातील एका सुखवस्तू घराण्यात झाला. लहानपणी दम्याच्या विकाराने त्यांना हैराण केले होते. रात्र रात्र झोप नसे. देह असा दुबळा असता बुद्धीचाही उपयोग होणार नाही, हे वडिलांनी त्यांच्या मनावर बिंबविले, आणि त्या मुलाने नित्य व्यायामाने आपले शरीर अक्षरशः घडविले. 1880 साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले.

दैवाने मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. 14 फेब्रुवारी 1884 या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची माता आणि तरुण पत्नी दोघीही निवर्तल्या. दोनच दिवसांपूर्वी कन्यारत्न झालेले होते. अशा आघाताने कोणीही खचला असता. रूझवेल्ट यांनी काही काळ पश्चिमेकडील डाकोटा प्रांतात गुराख्यांच्या संगतीत कष्टाचे जीवन कंठले आणि मन स्थिर करून ते पुन्हा सार्वजनिक कार्यात उतरले. 1889 पासून सहा वर्षे ते केंद्र सरकारच्या नागरी सेवा आयोगाचे सभासद होते. सरकारी नोकऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना बक्षीस म्हणून वाटण्याची चाल तेथे फार जुनी होती. ती मोडून परीक्षेने माणसे नेमण्याचे काम या आयोगाकडे होते. वशिला म्हणजे काय, तो कोणकोणत्या वाटांनी शिरतो, याचे शिक्षण त्यांना येथेच मिळाले.

त्या वेळी न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याची स्थिती अत्यंत शोचनीय होती. शहराच्या राजकारणावर टॅमनी हॉल नामक संघटनेची पकड होती आणि पोलीस खाते तिच्या मुठीत होते. पार्कहर्स्ट नावाच्या एका धर्मोपदेशकाने 1892 मध्ये व्यासपीठावरून या अनाचारावर हल्ला चढविला. त्यातूनच पुढे 1894 साली राज्याच्या सिनेटने लेक्सो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीपुढे जे बाहेर आले ते ऐकून शहर थक्क झाले. साधा शिपाई म्हणून भरती व्हायचे तर सुमारे 300 डॉलर मोजावे लागत. एका कॅप्टनने तर आपले पद मिळविण्यासाठी 15,000 डॉलर दिल्याचे शपथेवर कबूल केले. आता एवढी रक्कम भरून ठाण्याची गादी मिळविलेला मनुष्य ती वसूल कोठून करणार? दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, कुंटणखाने, फार काय पदपथावर माल मांडणारे गरीब विक्रेते, या सर्वांकडून हप्ते येत आणि त्याचे वाटे वरपर्यंत पोहोचत. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. ज्याने नोकरी विकत घेतली, तो न्याय विकल्यावाचून राहत नाही.

या चौकशीमुळे टॅमनीचा पराभव होऊन विल्यम स्ट्राँग हे महापौर झाले. त्यांनी 6 मे 1895 रोजी रूझवेल्ट यांना पोलीस मंडळावर नेमले. खात्याची रचना येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. सर्वांच्या वर चार कमिशनरांचे मंडळ, दोन एका पक्षाचे व दोन दुसऱ्या पक्षाचे. मंडळाच्या हाताखाली खात्याचा मुख्य अधिकारी. शहराचे ठाण्यांमध्ये विभाग पाडलेले, आणि प्रत्येक ठाण्यावर एक कॅप्टन. त्याच्या खाली सार्जंट. त्यांच्या खाली, शिपाई आपापल्या बीटवर हजर आहेत किंवा नाहीत हे फिरून पाहणारे अंमलदार. आणि सर्वांत शेवटी पायी गस्त घालणारे शिपाई. गुप्त पोलिसांची शाखा निराळी. एकूण सुमारे चार हजार माणसांचा हा पसारा मलबेरी रस्त्यावरील मुख्य कचेरीतून चाले. सहकाऱ्यांनी रूझवेल्ट यांना मंडळाचे अध्यक्ष निवडले. तथापि मत त्यांचे एकच होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्यांनी आरंभ वरून केला. खात्याचे मुख्य अधिकारी टॉमस बर्न्स हे गुन्हेगार हुडकून काढण्यात जगप्रसिद्ध होते. परंतु त्यांच्यापाशी साडेतीन लाख डॉलरची मालमत्ता असल्याचे चौकशी समितीपुढे उघड झालेले होते. नव्या मंडळाच्या पहिल्याच महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. एवढ्या नामांकित अधिकाऱ्याला बाजूला सारल्यावर खालच्या माणसांना इशारा वेगळा देण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर रूझवेल्ट यांनी रात्रीची गस्त तपासण्याचे मनावर घेतले. जून 1895 मध्ये मध्यरात्रीनंतर ते साध्या वेषात घराबाहेर पडले. बरोबर जेकब रीस हे वृत्तपत्रकार होते. रीस हे डेन्मार्कहून आलेले, गरिबीचे चटके सोसलेले, आणि शहरातील दरिद्री वस्त्यांचे दुःख आपल्या ग्रंथाने जगापुढे मांडणारे गृहस्थ. दोघेही कित्येक बीटे पायी हिंडले. पाहतात तो बहुतेक शिपाई जागेवर नाहीत! कोणी खाणावळीच्या दाराशी गप्पा मारीत उभा, तर कोणी चक्क झोपी गेलेला. दुसऱ्या दिवशी या सर्वांना कचेरीत पाचारण झाले. पहिला प्रसंग म्हणून ताकीद देऊन त्यांना सोडण्यात आले, पुढच्या वेळी क्षमा नाही हेही सांगण्यात आले. अशा फेऱ्या पुढेही होत राहिल्या. प्रमुख कोणत्या वळणावर समोर उभा राहील याचा नेम नाही, असे झाल्यावर गस्त आपोआप सुधारली.

केवळ धाकाने खाते चालत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. बोर्क नावाच्या एका शिपायाने वेळेनंतर गुत्ता उघडा ठेवणाऱ्या एका वजनदार राजकीय पुढाऱ्याला पकडले. पूर्वीचे दिवस असते तर त्या शिपायाचीच बदली झाली असती. रूझवेल्ट यांनी त्याची पाठ राखली आणि पुढे त्याला बढती दिली. प्रामाणिक शिपायाला वरून आधार मिळतो, हा अनुभव खात्याला नवीन होता.

आता भरतीचा प्रकार पाहू. रूझवेल्ट यांनी पैसा आणि पक्ष या दोन्ही वाटा बंद केल्या. शरीराची कसून तपासणी, लेखी परीक्षा आणि चारित्र्याची चौकशी, या तीन कसोट्यांतून जो उतरेल तोच शिपाई व्हावा, मग त्याचा पक्ष, धर्म व वंश कोणताही असो, असा नियम त्यांनी घातला. ऑटो राफेल नामक एका ज्यू तरुणाने आगीतून बायकामुलांची सुटका केल्याचे त्यांच्या कानी आले. त्यांनी त्याला नेमणूकपत्र दिले नाही. परीक्षेस बसण्यास सांगितले. राफेल बसला, उत्तीर्ण झाला आणि स्वतःच्या गुणांवर शिपाई बनला. त्याच्या घरच्यांची परिस्थिती त्या नोकरीने पालटली. वाचकहो, शिफारस आणि उत्तेजन यांतील अंतर या एका प्रसंगात स्पष्ट दिसते.

याच्याशी निगडित अशी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1895 च्या अखेरीस जर्मनीतून आलवार्ड नावाचा एक गृहस्थ ज्यू लोकांविरुद्ध विषारी व्याख्याने देण्यासाठी न्यूयॉर्कला आला. त्याला बंदी करावी, अशी ज्यू नागरिकांची मागणी होती. रूझवेल्ट यांनी बंदी घातली नाही, कारण तसे केल्यास तो हुतात्मा ठरला असता. त्याच्या सभेच्या संरक्षणासाठी त्यांनी जी पोलीस तुकडी पाठविली, तिचा सार्जंट ज्यू आणि सारे शिपाईही ज्यूच! ज्यांची तो निंदा करीत होता, त्यांच्याच पहाऱ्यात त्याला निर्धास्तपणे बोलावे लागले. त्या शिपायांनीही आपले कर्तव्य चोख बजावले. अंगावर गणवेश चढला म्हणजे माणूस जातीचा राहत नाही, सर्व नगराचा होतो, हे यातून सिद्ध झाले.

सुधारणा अनेक झाल्या. शिपायांजवळ नाना तऱ्हेची पिस्तुले असत. ती जाऊन सर्वांना एकाच नमुन्याचे रिव्हॉल्व्हर मिळाले, आणि नेम साधण्याचे शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. सायकलस्वार पोलिसांचे पथक उभारण्यात आले; उधळलेले घोडे आवरण्याचे आणि बेफाम वाहने हाकणाऱ्यांना पकडण्याचे काम त्याने उत्तम केले. ठाण्यांच्या तळघरांत निराश्रितांना झोपविण्याची जुनी व्यवस्था होती. ती जागा म्हणजे रोगराईचे आणि दुर्वर्तनाचे आगर. रीस यांनी तरुणपणी एका रात्री तेथील हाल स्वतः भोगले होते. 1896 मध्ये ती तळघरे बंद झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भयंकर उष्म्याने शहरात शेकडो माणसे दगावली, तेव्हा रूझवेल्ट यांनी पोलीस ठाण्यांवरून गरिबांना मोफत बर्फ वाटण्याच्या कामावर स्वतः देखरेख केली.

परंतु एका बाबतीत त्यांच्यावर लोकांचा मोठा रोष ओढवला. रविवारी मद्यविक्री बंद असावी, असा राज्याचा कायदा होता. तो कागदावर राही. जो हप्ता देई त्याचा गुत्ता चाले, जो न देई त्याच्यावर खटला होई. म्हणजे कायदा हेच लाचेचे साधन झाले होते. रूझवेल्ट यांनी तो सर्वांना सरसकट लागू केला. मात्र आठवडाभर राबणाऱ्या मजुराला रविवार हीच काय ती सुट्टी. श्रीमंतांना त्यांच्या क्लबात सर्व काही मिळे आणि मजुराचा पेला तेवढा हिरावला जाई. जर्मन नागरिकांनी सप्टेंबर 1895 मध्ये प्रचंड निषेध मिरवणूक काढली. तिचे आमंत्रण रूझवेल्ट यांनाही गेले होते. ते जाऊन खुशाल व्यासपीठावर बसले आणि स्वतःच्या निषेधाचे फलक हसतमुखाने पाहत राहिले. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, पण त्या नोव्हेंबरातील निवडणुकीत टॅमनीनेच बाजी मारली. पुढील वर्षी नवा कायदा होऊन दहा खोल्यांच्या हॉटेलांना रविवारी जेवणाबरोबर मद्य देण्याची मुभा मिळाली. झाले! गुत्तेवाल्यांनी माडीवर फळ्यांच्या दहा खोल्या उभारून हॉटेले थाटली, आणि त्या खोल्यांतून पहिल्याहून वाईट व्यवहार चालू झाले. कायदा सर्वांना समान हवा, हे रूझवेल्ट यांचे म्हणणे आम्हास मान्य आहे. पण जो कायदा मुळातच श्रीमंताला एक आणि गरिबाला एक असा पडतो, तो समान हाताने राबविला तरी समान होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मंडळातही बेबनाव झाला. पार्कर नावाचे सभासद आणि खात्याचे मुख्य अधिकारी यांनी एकत्र येऊन बढत्या अडवून धरल्या. चौघांच्या मंडळात एक जण आडवा आला की गाडा रुतून बसे. कंटाळून रूझवेल्ट यांनी एप्रिल 1897 मध्ये पद सोडले व आरमार खात्यात दुय्यम मंत्री म्हणून ते गेले. 1 जानेवारी 1898 रोजी ब्रुकलिन आदी भाग जोडून विशाल न्यूयॉर्क झाले आणि सत्ता पुन्हा टॅमनीकडे आली. लाचेच्या आरोपांनी गाजलेले डेव्हेरी हे पोलीसप्रमुख बनले. दोन वर्षांची मेहनत वाया गेली, असेच कोणालाही वाटले असते.

तरीही ती सर्वस्वी वाया गेली नाही. 1901 मध्ये चौघांचे मंडळ मोडून एकच जबाबदार कमिशनर नेमण्याचा कायदा झाला. आज तीस हजारांहून अधिक पोलिसांचे ते खाते त्याच पद्धतीने चालते. शिवाय परीक्षा देऊन भरती झालेली शेकडो माणसे खात्यात राहिली. त्यांना कोणाचे देणे नव्हते.

रूझवेल्ट यांचे पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात त्यांनी पराक्रम गाजविला, न्यूयॉर्क राज्याचे ते गव्हर्नर झाले, आणि मॅकिन्ले यांच्या हत्येनंतर 14 सप्टेंबर 1901 रोजी, वयाच्या 42 व्या वर्षी, अमेरिकेचे अध्यक्ष झाले. रशिया व जपान यांच्यात तह घडवून आणल्याबद्दल 1906 चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. 6 जानेवारी 1919 रोजी झोपेतच त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्ञातिबांधवहो, चिठ्ठीने लागलेला मुलगा जन्मभर चिठ्ठी देणाऱ्याचा ऋणी असतो, आणि ते ऋण त्याला कधी ना कधी, कर्तव्याच्या ऐन प्रसंगी, फेडावे लागते. आपल्या संघापाशी दोन खोल्यांची जागा आहे, वाचनालय आहे, आणि शिकविण्यास तयार असे निवृत्त शिक्षक आहेत. शिफारशींसाठी जेवढी खटपट होते, तिच्या निम्मी खटपट करून भरतीच्या लेखी परीक्षेचा वर्ग व पहाटेच्या धावण्याच्या सरावाची सोय संघाने करावी, आणि त्या वर्गाचे दार ज्ञातीबाहेरील होतकरू मुलांनाही उघडे ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. संघाने तसे ठरविल्यास गणित आणि मराठी शिकविण्यास आम्ही विनावेतन हजर राहू.