फिलिप हेन्च

फिलिप शोवॉल्टर हेन्च (२८ फेब्रुवारी १८९६ – ३० मार्च १९६५) हे अमेरिकी संधिरोगतज्ज्ञ होते. कॉर्टिसोन या संप्रेरकाचा आमवातावर उपयोग करून दाखवल्याबद्दल त्यांना १९५० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडवर्ड केंडल व टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह विभागून देण्यात आले.

हेन्च यांचा जन्म पिट्सबर्ग येथे झाला. जन्मतःच टाळू दुभंगलेली असल्याने त्यांच्या उच्चारांत दोष राहिला. तो आयुष्यभर टिकला. १९२० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून ते मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाले आणि १९२६ मध्ये तेथील संधिरोग विभागाचे प्रमुख झाले.

आमवात हा सांध्यांचा चिवट दाह असून तो परतवता येत नाही, अशी त्या काळची समजूत होती. १९२९ मध्ये हेन्च यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याच्या सांध्यांच्या वेदना जवळजवळ नाहीशा झाल्या. कावीळ उतरल्यावरही हा आराम काही महिने टिकला. असेच अनुभव इतर रुग्णांतही आढळले. गर्भवती स्त्रियांचा आमवातही प्रसूतीपर्यंत ओसरतो, हे त्यांनी नोंदवले. यावरून, शरीरातीलच एखादा पदार्थ दाह शमवत असावा, असा तर्क त्यांनी केला. रुग्णांना पित्त देणे, काविळीच्या रुग्णाचे रक्त चढवणे, असे प्रयोगही त्यांनी केले, पण ते निष्फळ ठरले. गर्भधारणा स्त्रियांनाच होते, कावीळ मात्र कोणालाही. त्यामुळे हा पदार्थ केवळ स्त्री-संप्रेरक असणे शक्य नव्हते. हेन्च यांचे लक्ष अखेर अधिवृक्क ग्रंथीकडे वळले.

मेयोमध्येच केंडल यांनी या ग्रंथीच्या बाह्यकातून 'संयुग ई' वेगळे केले होते. १९४१ मध्ये दोघांनी ते आमवातावर वापरून पाहण्याचे ठरवले. परंतु पुरेसा साठा नव्हता, शिवाय युद्धकाळात हेन्च लष्करी वैद्यकीय सेवेत गेले. पुढे मर्क कंपनीतील लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून ते संयुग बनवले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षीय स्त्रीला पहिले इंजेक्शन देण्यात आले. रोजची मात्रा १०० मिलिग्रॅम होती. अंथरुणाला खिळलेली ही रुग्ण काही दिवसांत हिंडूफिरू लागली. एप्रिल १९४९ मध्ये १४ रुग्णांवरील निष्कर्ष जाहीर झाले. वृत्तपत्रांनी त्याला चमत्कार ठरवले. हेन्च मात्र सावध होते. औषध थांबवताच दाह परतत असे, म्हणजे रोगाचे मूळ शिल्लकच होते. मोठ्या मात्रेने चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, मनःस्थिती बिघडणे असे दुष्परिणामही लवकरच दिसून आले. आज याच गटातील प्रेडनिसोलोनसारखी औषधे आमवातात शक्यतो अल्प मात्रेत आणि थोड्या काळासाठी, मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांच्या जोडीने दिली जातात. दमा आणि आतड्याच्या दाहातही ती वापरतात.

हेन्च १९५७ मध्ये निवृत्त झाले. पीतज्वराचे संशोधक वॉल्टर रीड यांच्याविषयीची कागदपत्रे ते अनेक वर्षे जमवत होते. तो संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. जमैकातील ओचो रिओस येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.